कै. ऐवजी श्री. वाचावे

"पान चौतीसवरचा सोपान गदादे बोलतोय," फोनवर आवाज आला. "प्रूफं तुमीच तपासली का?"

गुरुवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नगरचा साहित्य महोत्सव सुरू होणार होता. तीन दिवस कथावाचन, कविता, लेखकांशी गप्पा आणि सकाळी जुन्या शहरातून हेरिटेज वॉक. मी शाळेच्या हॉलमध्ये बसून पाहुण्यांच्या पिशव्यांत स्मरणिका भरत होते. शेवटच्या पानावर समितीतल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर छापले होते. 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे माझं नाव होतं.

"हो, मीच. बोला."

"पान उघडा की."

उघडलं. 'स्मृतींना अभिवादन' असं त्या पानाचं शीर्षक. जिल्ह्यातले आठ दिवंगत साहित्यिक आणि प्रत्येकाखाली एकदोन ओळी. पाचवं नाव होतं, 'कै. सोपान गदादे, मिरजगाव. कथासंग्रह : तांबडीची वेसण'.

मला वाटलं घरातलं कुणीतरी बोलतंय. आवाज जरा हळू केला आणि विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

"कोनीच न्हाई. मीच त्यो."

हातातली पिशवी मी खाली ठेवली. 'माफ करा,' एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "माफीचं बगू. पन तुमी या हितं एकदा. फोनवर बोलन्यासारखं न्हाई." आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रूफरीडर काय करतो, हे पुष्कळांना नीट ठाऊक नसतं. मी एका छापखान्यात बावीस वर्षं हे काम केलं, आता घरी बसून करते. टेबलावर दोन कागद असतात. एक लेखकाचा मूळ मजकूर, त्याला आम्ही कॉपी म्हणतो. दुसरा कंपोज होऊन आलेला, ते प्रूफ. एकावर बोट आणि दुसऱ्यावर नजर ठेवायची. सुटलेलं अक्षर दिसलं की तिथे छोट्या छत्रीसारखी खूण करायची आणि समासात ते अक्षर लिहायचं. दुसरं काम असतं एकसारखेपणा राखण्याचं. एका ठिकाणी 'डॉ.' असेल तर सगळीकडे 'डॉ.' हवं. बघणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते. आमची निम्मी अब्रू त्यावर असते.

घरी जाऊन मी जुनी प्रूफं काढली. कॉपीत सात नावांमागे 'कै.' होतं. पाचव्यामागे नव्हतं. तिथे छत्रीची खूण होती आणि समासात 'कै.'. लाल पेन आणि अक्षर, दोन्ही माझी.

आणखी एक गोष्ट दिसली. कॉपीत त्या ओळीच्या शेवटी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. ते मी तेव्हाही पाहिलं होतं. ओळीतला शेवटचा शब्द 'येसन' असा आला होता, तेव्हा शंका शुद्धलेखनाची आहे असं धरून मी 'वेसण' केलं आणि प्रश्नचिन्हावर बरोबरची खूण करून पुढे गेले.

ही यादी प्रा. दिघ्यांनी केली होती. त्यांना फोन लावला.

"अहो, मी त्यांच्या घरी फोन केला होता," दिघे म्हणाले. "कुणीतरी उचलला. गदादे आहेत का विचारलं, तर म्हणाले, 'आबा गेले', आणि लाईन कट. पुन्हा लागेचना. खात्री नव्हती, म्हणून मी कै. लिहिलं नाही. प्रश्नचिन्ह टाकलं होतं ना मी!"

टाकलं होतं खरं.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. आमचे सचिव डॉ. भंडारी दातांचे डॉक्टर. माणूस उत्साही, दवाखाना सांभाळून महोत्सवासाठी तीन महिने पळत होते. ते म्हणाले, "डीटीपीत चूक झाली म्हणू. विषय संपला."

डीटीपी म्हणजे संगणकावर मजकूर जुळवण्याचं काम. ते निशा नावाच्या मुलीनं केलं होतं आणि ती तिथेच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून बसली.

"निशाचं एक अक्षर चुकलेलं नाही," मी म्हणाले. "कॉपीत कै. नव्हतं. ते मी घातलं."

बावीस वर्षांत मी असं वाक्य कधी बोलले नव्हते. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"ठीक आहे मॅडम. मग असं करू. उद्या उद्घाटनालाच त्यांना स्टेजवर आणू. शाल, श्रीफळ. 'गदादे सर आपल्यात आहेत!' असं म्हणायचं. लोक उभे राहतील. चॅनलवाले पण येतील."

मला ते बरं वाटलं नाही. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. शिवाय चूक करणाऱ्यानं फार बोलू नये, हेही होतंच.

पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर त्यात एक चिठ्ठी घालतात. तिला शुद्धिपत्रक म्हणतात. दोन रकाने असतात, डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. निशानं जुळवून दिलं. अशुद्ध : कै. सोपान गदादे. शुद्ध : श्री. सोपान गदादे. ते पाहून तिला हसू फुटलं आणि लगेच तिनं जीभ चावली. त्या एका ओळीचं प्रूफ मी चार वेळा वाचलं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी मिरजगावला निघाले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

गदाद्यांचं घर हायवेपासून आत, पत्र्याचं, समोर गोठा. ओट्यावर आठदहा माणसं बसलेली पाहून मी चरकलेच. खरंच काही झालं की काय! मग मधोमध बसलेले एक म्हातारे गृहस्थ हात वर करून म्हणाले, "या या. तुमच्याच कामानं जमल्यात समदी."

ते सोपान गदादे. वय ब्याऐंशी. कर्जतच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी ड्रेसर म्हणून नोकरी केलेली, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली जखमा धुणं, पट्ट्या करणं. त्यांची सून मंगल पाणी घेऊन आली.

"काल कुनीतरी त्या पानाचा आन शेवटच्या पानाचा फोटू ग्रुपवर टाकला," ती सांगू लागली. "तवापासून मानसं येत्यात. राहात्याच्या नणंदबाई तर फोनवर रडायलाच लागल्या. म्हनलं, अवो ताई, आबा हितं भाकरी खात्यात! तुमच्याकडूनच परवा आल्यात की!"

म्हणजे दिघ्यांचा फोन आला तेव्हा आबा राहात्याला लेकीकडे गेले होते. फोन शेजारच्यानं उचलला होता, असं मंगल म्हणाली. त्यानं 'आबा गेले' म्हटलं ते खरंच होतं.

मी सगळं सांगितलं. कै. मी घातलं, प्रश्नचिन्ह मी चुकीचं वाचलं, निशाचा दोष नाही, दिघ्यांचाही थोडाच. शुद्धिपत्रक पुढे केलं. उद्घाटनाचं निमंत्रणही दिलं, शाल-श्रीफळासकट.

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली. मग मंगलला दिली. तिनं वाचून दाखवली.

"निम्मीच दुरुस्ती केली की," ते म्हणाले.

"निम्मी?"

"मेलो म्हनून छापलं, त्याचं मला काय बी न्हाई. आज न्हाई तर उद्या खरंच हाय ते. पन माझ्या पुस्तकाचं नाव 'तांबडीची येसन' हाय. तुमी 'वेसण' केलंय."

मी म्हणाले, "आबा, प्रमाण शब्द वेसण आहे. म्हणून मी..."

"ठावं हाय मला. शाळा शिकलोय मी." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "म्हनून बोलावलं तुमाला. मरनाचं फोनवर सांगता आलं असतं. ह्ये सांगता आलं नसतं."

मंगलनं आतून एक पुस्तक आणलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. जखमेची पट्टी चिकटवतात, तशी. घरात एवढी एकच प्रत उरली होती. कव्हरवर लिहिलं होतं, 'तांबडीची येसन'.

"पुस्तक छापताना बी असंच झाल्तं," आबा सांगू लागले. "पुन्याहून प्रूफं आली. बगतोय तर समदं धुवून काढलेलं. माझ्या गोष्टीतली म्हातारी 'पाणी आण गं' म्हनती, माझा गुराखी 'नाही' म्हनतो. मला कळंना ही मानसं कोनाची! रजा टाकली, पुन्याला गेल्तो. दिवसभर त्यांच्या हापिसात बसून ऱ्हायलो. मालक म्हनला, लोक हसतील. म्हनलं, हसू द्या. आमच्या मिरजगावात कोनी वेसण म्हनत न्हाई. तांबडीच्या नाकात मी सोता घातलेली हाय, ती येसनच हुती."

कै.ची लाज वेगळी होती. ती चूक होती, घाईत झाली, कुणाच्याही हातून झाली असती. 'वेसण' मात्र मी नीट विचार करून केलं होतं. वर त्याचं मला समाधानही वाटलं होतं.

"मी दुसरी चिठ्ठी छापते," मी म्हणाले. "दोन्ही दुरुस्त्यांची."

"नाव आदी. मरान मागनं."

"बरं. आणि उद्घाटनाला याल?"

"न्हाई. मेलेला मानूस उठून बसला म्हनून बगाया येतील लोक. मी काय जत्रंतला खेळ हाय?" मग म्हणाले, "वाचाया बोलावलं असतं तर आलो असतो."

वाचायला बोलावण्याचा शब्द मी देऊन टाकला. समितीला न विचारता.

संध्याकाळी उद्घाटनाच्या गडबडीत मी डॉ. भंडारींना गाठलं आणि आबांचं म्हणणं सांगितलं. ते वैतागले. "मॅडम, तिन्ही दिवसांचे स्लॉट फुल्ल आहेत! आणि झालेला घोळ सांगायचाच नाही म्हणता, मग त्यांना ऐकायला थांबणार कोण?"

"गोष्ट चांगली असली तर थांबतील. नाही थांबले तर तेही मी त्यांना सांगेन."

डॉक्टर कार्यक्रमपत्रिकेवरून बोट फिरवून म्हणाले, "रविवारी हेरिटेज वॉक संपल्यावर नाश्ता आहे शाळेच्या पटांगणात. तिथे पंधरा मिनिटं देतो. माईक असेल, स्टेज नाही."

दुसरी अडचण मंगलनं फोनवर सांगितली. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत. तिनं 'तांबडीची येसन' या गोष्टीच्या पानांचे फोटो पाठवले. शनिवारी मी आणि निशानं आधी नवं शुद्धिपत्रक छापून घेतलं, 'येसन' वर आणि 'श्री.' खाली, आणि मग ती गोष्ट मोठ्या टाइपात जुळवायला घेतली.

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड प्रूफ. संगणक 'न्हाई'खाली लाल रेघ मारी. निशाची बोटं सवयीनं 'आणि' टाइप करत, आबांचं 'आन' असे. माझा हातही आपोआप 'ण'कडे जाई. एरवी चुका काढायच्या असतात, इथे एकही शब्द सुधारायचा नव्हता. तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी निशा म्हणाली, "मॅडम, माझी आजी अशीच बोलायची. शाळेत बाईंनी माझं सगळं बदलवलं." आणि पुन्हा टाइप करू लागली.

रविवारी साडेनऊच्या सुमारास वॉकची मंडळी पटांगणात आली. दोन तास चालून दमलेली, बूट धुळीनं भरलेले, हातात पोह्यांच्या प्लेटा. आबा मंगलचा हात धरून खुर्चीत बसले होते. डॉ. भंडारींनी माईक घेतला. "मित्रहो, ज्यांना आपण..." एवढं म्हणाले आणि त्यांची नजर माझ्याकडे गेली. ते थांबले. मग सरळ म्हणाले, "मिरजगावचे कथाकार सोपान गदादे त्यांची कथा वाचतील."

सुरुवातीला चमच्यांचा आवाज चालूच होता. गोष्ट साधी. एक तांबडी गाय मारकी झालेली, तिला येसन घालायला दवाखान्यातून ड्रेसर येतो. गाईची मालकीण एकटी बाई. ती म्हणते, मी धरते तिला, पण मी बघणार नाही. आणि डोळे मिटून गाईच्या कानात तिच्याशी बोलत राहते. पानभर ती बाईच बोलते. नवऱ्याबद्दल, विहिरीबद्दल, गाईनं पहिल्यांदा दूध दिलं त्या दिवसाबद्दल. आबांचा आवाज मोठा नव्हता. पण हळूहळू चमचे थांबले. उभे होते ते पायऱ्यांवर बसले.

शेवटच्या पानावर आबा अडखळले. कागद जवळ घेतला, लांब धरला.

"ह्ये मी न्हाई लिवलं," ते माईकवरच म्हणाले. "पेन हाय का कोनाकडं?"

पुढे होऊन मी पेन दिलं. 'म्हणाली' राहून गेलं होतं. त्यांनी सावकाश खोडून 'म्हनली' केलं, मला पेन परत दिलं आणि पुढे वाचू लागले. लोकांना वाटलं, लेखक मंडळी असं करत असतील.

टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या. आबांनी कागदांची घडी घालून खिशात ठेवली. मग पोहे मागितले. दिघे येऊन त्यांच्या पाया पडले. आबा त्यांना म्हणाले, "फोन लागला न्हाई तर पत्र टाकावं, मास्तर." एका तरुण बाईनं विचारलं, पुस्तक कुठे मिळेल? मिळत नाही, असं सांगावं लागलं. तिनं तिथेच उभं राहून मंगलच्या मोबाईलमधल्या पानांचे फोटो स्वतःला पाठवून घेतले.

जाताना आबांनी एक वही माझ्या हातात दिली. अकरा गोष्टी आहेत, अजून कुठे छापलेल्या नाहीत. निशा त्या जुळवते आहे. प्रकाशक शोधतो आहोत. दोघांनी नकार दिला, एक जण वाचतो म्हणालाय.

कै. लिहिलं गेल्यावर ते खोडता येतं, कारण माणूस फोन करून सांगू शकतो. शब्दाचं तसं नाही. बावीस वर्षांत मी असे किती शब्द सरळ केले असतील, आणि त्यांच्या लेखकांना पुण्या-नगरपर्यंत येणं जमलं नसेल, याचा हिशेब लागत नाही. हल्ली शब्दकोशात नसलेला शब्द दिसला की मी त्याभोवती नुसतं वर्तुळ करते आणि लेखकाला विचारते. काही लेखक चिडतात. म्हणतात, एवढं तर तुम्हाला यायला हवं. मी बरं म्हणते आणि तरीही विचारते.