बंद तारेचं गणित

पोलादपूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी आम्रपाली बत्तिसाव्या वर्षी एम.एस्सी.ला बसली, तेव्हा वाडीतल्या बायांनी म्हणायचं ते म्हणून घेतलं. "लग्नाचं बघायचं सोडून हिला आता फिजिक्स सुचतंय!" सुचतंय कसलं? मानगुटीवर बसलं होतं. लोक भूत उतरवायला देवऋषाकडे जातात, ही दर शनिवारी वीर स्टेशनला गाडी धरून विद्यापीठात जायची.

तिचा बाप भिकाजी वायरमन. ती नववीत असताना तो खांबावरच मेला. लाईन बंद करून चढला होता, तरी तारेला हात लागला आणि चिकटला. लोक म्हणाले, बंद कसली, पिऊन चालू लाईनवर चढला. अहवालातही तेच आलं. उभ्या आयुष्यात ज्याने थेंब घेतला नाही, वाडीत पंचशील पाळावं तर भिकाजीने असं ज्याच्याबद्दल म्हणत, तो मेल्यावर दारुडा ठरला!

आता आतली गोष्ट. बंद लाईनवर चढण्याआधी वायरमन तारांवर लोखंडी साखळी टाकतो. तिचं दुसरं टोक जमिनीत रोवलेलं असतं, म्हणजे बंद तारेत चुकून वीज आली तरी ती जमिनीत उतरते. ती साखळी त्या दिवशी भिकाजीच्या पिशवीत नव्हती. आम्रपालीने ती न विचारता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नेली होती. बाबांची सुट्टी होती ना! दुपारी अचानक बोलावणं आलं, आणि तो पिशवी न उघडताच धावला. हे तिने जिवंतपणी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. अठरा वर्षं झाली, अजून शाळेचं फाटक करकरलं तरी ती दचकते. साखळीच वाजली असं वाटतं.

तिला एवढंच कळून घ्यायचं होतं. लाईन चालू असेल तर चूक बाबांची. बंद असेल तर तिची. आणि खरं सांगायचं, तर लाईन चालूच असावी असं तिला मनाच्या तळाशी वाटायचं. त्याची तिला लाजही वाटायची.

बाबा गेले त्या लाईनला लागून चार किलोमीटर टॉवरची मोठी, कायम चालू असलेली लाईन जाते. विद्युतगतिकीच्या वर्गात तारांचा धडा सुरू झाला, तसं हिने वहीत हेच गणित मांडलं, की त्या मोठ्या लाईनमुळे शेजारच्या बंद तारेत वीज येते का. गणितात जमीन आली की तिथे एक युक्ती करतात. तार जितकी वर, तितकीच खोल जमिनीच्या पोटात उलट्या विद्युतभाराची दुसरी तार मानायची. ती तिथे नसते, पण उत्तर बरोबर आणते. आम्रपालीला त्या खालच्या तारेला बाबा लटकलेले दिसायला लागले, डोकं खाली, पाय वर. भर वर्गात वहीवर घामाचे थेंब पडायचे.

एवढं करून उत्तर काय? शून्य. पुन्हा पुन्हा शून्य. बंद तारेत काहीच नाही, म्हणजे बाबा चालू लाईनवरच चढले. शेवटी तिने वही हा वर्ग घेणाऱ्या विनीताबाईंपुढे ठेवली. बाई शिकवायला जेवढ्या चांगल्या, तेवढ्याच फटकळ.

"या तारेला शून्य व्होल्ट कुणी दिले?"

"लाईन बंद आहे, बाई."

"बंद असू दे. जमिनीला जोडली आहेस का? नाही ना? मग तिच्यावरचा एकूण भार शून्य धर. व्होल्टेज गणितातून येईल."

वायरमनच्या घरात वाढलेली पोर. लाईन बंद म्हणजे मेली, हे दुधाबरोबर प्यायलेली. तिथेच चुकली होती. तिने पुन्हा मांडलं. शेजारच्या लाईनमुळे बंद तारेत हजारो व्होल्ट उभे राहिले. माणूस चिकटून मरेल एवढे. गणितात साखळी टाकून पाहिली, सगळे व्होल्ट खाली आले.

म्हणजे बाबा प्यायले नव्हते. आणि साखळी असती तर वाचले असते.

रविवारी ती घरी आली तेव्हा आई, काशीबाई, पडवीत सूप पुढ्यात घेऊन वाल सोलत होती.

"आये, लाईन बंदच होती. गणितानं निघतंय. मी कंपनीला पत्र लिहिते, अहवाल बदला म्हणून."

काशीबाईचे हात थांबले. "नको गो."

"नको? अगं, लोक बाबांना दारुडा म्हणतात!"

"म्हनू दे. पत्र गेलं की साहेब इचारतील, साखळी कुठं व्हती?"

आम्रपाली आईच्या समोर येऊन बसली. "तुला माहीत हाय?"

"मीच आनली शाळेतनं, दुसऱ्या दिवशी. साखळीखाली तुझ्या नावाची चिठ्ठी व्हती. मग चौकशीचा साहेब आला, साखळी का टाकली नाय म्हनाला. मी सांगितलं, दारू घेतली व्हती त्यानं, इसरला असंल. चौदा वर्सांची पोर तू. बाप मारला असं कुनी म्हनलं असतं, तर जगली असतीस काय?"

म्हणजे बाबांना दारुडा ठरवणारे ते लोक नव्हते. आई होती! आम्रपालीला इतका राग आला की वालाचं सूप भिरकावून द्यावं, आणि त्याच घटकेला आईच्या कुशीत शिरून रडावं, असं झालं.

"विहारात ते दारू न पिन्याचं पाचवं शील आलं की माझा आवाज नाय फुटत," काशीबाई म्हणाली. "नुसते ओठ हलवते. तो म्होरं येऊन उभा ऱ्हातो. म्हनतो, काशे, मी कधी प्यालो गो?"

मग आम्रपालीने कागद पुढे ओढला. "काय लिहू?"

काशीबाईने पदराने डोळे पुसले.

"साखळी तू नेलीस, खोटं मी बोलले. दोन्ही लिही. अन् खाली सही माझी पयली घे. त्याला दारुडा म्हननारी पयली मीच व्हते."