मालिनीचा खाकी मंगळ

पंचवटीतल्या चिंतामणशास्त्र्यांचं निम्मं घर मंगळावर चालायचं. पत्रिकेत मंगळ असलेल्या मुलींचे आईबाप शांतीसाठी त्यांच्याकडेच यायचे. त्यांची सून मालिनी मात्र मंगळाच्या नादी लागली ती वेगळ्याच तऱ्हेने. २००४ साली अमेरिकेची गाडी मंगळावर उतरली आणि तिचे फोटो इंटरनेटवर येऊ लागले. सगळे काळे-पांढरे, एकाच जागेचे तीन, लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून घेतलेले. बँकेतून आली की मालिनी ते उतरवून घ्यायची, एकावर एक बसवायची आणि जमिनीचा खरा रंग काढायची.

भांडण होतं फोनवरून. तिचं इंटरनेट चालू म्हणजे घरचा फोन बंद, म्हणजे शास्त्रीबुवांचे यजमान ताटकळले. शेवटी तह झाला. बैठकीत लावायला मोठा मंगळ करून दे, मग रोज संध्याकाळी तासभर फोन तुझा. तिने जीव ओतून फोटो केला, तर सासऱ्यांनी नाक मुरडलं. हा कसला खाकी मंगळ? कुंकवासारखा लाल हवा! मालिनीने मुकाट्याने लाल रंग वाढवला. सासरे खूश. पण फोटोखाली तिचं नाव होतं ना! खोट्या रंगाखाली आपलं नाव तिला काही केल्या पचेना. पंधरा दिवसांनी सासरे सकाळी गोदेवर स्नानाला गेलेले पाहून तिने फ्रेममधला फोटो गुपचूप बदलला.

नेमके त्याच सकाळी विंचूरचे पुंजाराम लेकीला घेऊन आले. मंगळापायी मनीषाची दोन स्थळं मोडली होती. पोरगी भेदरून गेली होती बिचारी. फोटो मंगळाचा आहे म्हटल्यावर ती उठून जवळ गेली आणि चक्क हसायला लागली.

"आप्पा, हे तर आपलं कांदा काढलेलं वावर हाय," ती म्हणाली. मग शास्त्रीबुवांकडे वळली. "याला भ्यायचं का गुरुजी?"

चहा घेऊन आलेली मालिनी दारातच थबकली. गेला आपला तास!

शास्त्रीबुवांनी फोटो पाहिला, सुनेवर डोळे वटारले. नुसतं 'हो' म्हटलं की शांती पक्की होती. पण समोर पोरगी हसत होती, आणि तिचा बाप तिच्याकडे बघतच राहिला होता.

"नाही गं पोरी," ते म्हणाले. "चहा घे आणि खुशाल घरी जा."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच टेलिफोनची वायर काढून सुनेच्या हातात दिली.

"तासभर काय हवं ते कर. फक्त शनीला हात लावायचा नाहीस. तेवढा एक तरी मला राहू दे."