तेल खाणारी माती

लिंबायतच्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. अल्केनच्या धड्याला माझं एक वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं होतं : ही मंडळी महाआळशी! कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या नुसत्या, आम्लाला दाद देत नाहीत की अल्कलीला. पेटवलं तरच काय त्या हलतात. ते वाक्य खोटं पाडलं माझ्या सातवी पास वडिलांनी, आप्पांनी.

घरामागच्या शेडमध्ये आप्पांचे कापड विणायचे दोन लूम होते. दोन वर्षांपूर्वी ते विकले आणि आयुष्यभर पहाटे उठलेला माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागला. मला धडकीच भरली. मग एक दिवस त्यांनी शेडची फरशी उखडली. खाली लूमचं तेल पिऊन काळीकुट्ट झालेली माती. तिथं म्हणे कोबी लावायचा!

त्यात गवतसुद्धा उगवणार नाही, असं मी शाळेतल्या आवाजात बजावलं. त्यावर आप्पांनी लूमवाल्यानं करावं तेच केलं. कापडावर तेलाचा डाग पडला की धुण्याचा सोडा. म्हणून दोन बादल्या सोड्याचं पाणी मातीवर ओतलं. माती वाळून वर पांढरी पडली, तेल जागच्या जागी. लूमच्या तेलातही त्याच आळशी साखळ्या, सोड्यासारख्या अल्कलीला कुठल्या दाद देणार! मी पोट धरधरून हसले. आप्पा हसले नाहीत. फावडं भिंतीला टेकवून आत जाऊन झोपले.

मला माझीच लाज वाटली. त्याच दुपारी पदवीची जुनी पुस्तकं काढली, आणि त्यात सापडलं : मातीतले काही जिवाणू अल्केनवरच जगतात. साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतात, तिचं आधी अल्कोहोल, मग मेदाम्ल करतात आणि पुढं दोन-दोन कार्बनचे घास तोडत जातात. त्यांना हवा, ओल आणि थोडा नायट्रोजन मिळाला की झालं. इतकी वर्षं शिकवतेय, पण ते पान मी कधी उलटलंच नव्हतं.

सांगितल्यावर आप्पा उठून बसले. "म्हंजे खानारा शेतस, पन हवाबिगर उपाशी!"

दुसऱ्या दिवशी पहाटे फावड्याचा आवाज आला. मी अंथरुणातच हसले. सोड्याची माती खरवडून टाकली गेली. नायट्रोजनसाठी बारडोलीच्या साखर कारखान्यातून उसाच्या रसाचा गाळ आला, शेण आलं. आप्पा रोज माती उलटायचे, पाणी शिंपडायचे आणि चिमूटभर माती बोटांत चोळून हुंगायचे. लूमचं तेलही ते असंच पारखत. वर्ष होत आलं तेव्हा एकदा बोटं तेलकट झालीच नाहीत, आणि त्यांनी ती मला, आईला, दूधवाल्यालासुद्धा दाखवली.

यंदा थंडीत कोबीनं गड्डे धरले. मातीत आणखी काय उरलंय कोण जाणे, म्हणून पहिलं पीक खायचं नाही, असं मी सांगितलं. आप्पा जरा फुरंगटले. त्यांची समजूत काढायला मी पानावर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब मोत्यांसारखे घरंगळले.

पानावर मेण असतं आणि त्या मेणात अल्केन असतात, मी सांगितलं. एकोणतीस कार्बनची साखळी, पान स्वतःच तयार करतं. तुमच्या लूमच्या तेलाची चुलत बहीणच ही.

आप्पा कितीतरी वेळ त्या पानावरून बोट फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, "शेजारना कारखानामांगे असी काळी माती बक्कळ पडेल शे. तठला खानारा बी उपाशीच व्हतीन."

मी काही बोलायच्या आत फावडं खांद्यावर टाकून ते निघालेसुद्धा.