पोट भरल्याचा निरोप

भावाचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजला अस्तर लावत होते. मुरबाडला बाजारपेठेमागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि त्याच्याच मागच्या खोलीत मी एकटी राहते. लग्न झालं नाही. बघायला आले ते परत गेले, मग कोणी यायचंच थांबलं. मी जाड आहे. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी माणसं दांडी धरून उभी राहतात, इतकी.

"ताई, तुला पण कल्याणला यायला लागंल," भाऊ म्हणाला. "पोरीचा रिपोर्ट आलाय. डॉक्टर बोलतात, घरातल्यांचं पण रक्त बघू."

पोरगी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. तेव्हा नुकतीच बालवाडीत जायला लागली होती. भाऊ सापगावला राहतो, आसनगावहून लोकलनं कल्याणला कामाला जातो. लेक सतत खायला मागायची, ताट पुसून खायची आणि परत रडायची. तिचं वजन वयाच्या मानानं फार वाढलं, तेव्हा लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी तिचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं होतं.

मी गेले. मला त्या रडण्याची चांगली ओळख होती.

लहानपणी मला भूक लागायची म्हणजे काय व्हायचं, ते मी कुणाला नीट सांगू शकले नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आई शेतावरच्या बायांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट टोपलीत बांधून द्यायची. मी ती टोपली डोक्यावर घेऊन निघायचे आणि शेतावर पोचेपर्यंत त्यातल्या भाकऱ्या कमी झालेल्या असायच्या. मग मार. पुढे आईनं फडताळाला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. वडीलही असेच अवजड होते. त्यांना कुणी काही बोलत नसे, पुरुषमाणूस, कष्टाचं शरीर. मला मात्र आई म्हणायची, "पोट हाय का कणगी? लाज नाय वाटत?" लाज वाटायची. भूक त्यानं कमी झाली नाही.

सगळ्यांचे रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला एकत्र बोलावलं. पोरीत जो दोष होता तोच माझ्यात निघाला, आणि भावातही. म्हणजे बहुतेक वडिलांकडून आलेला. बाई साध्या भाषेत बोलल्या. "पोट भरलं, आता पुरे, असा निरोप मेंदूला जायला लागतो. यांच्यात तो निरोप कमी पडतो. त्यामुळे भूक राहतेच. हा हावरटपणा नाही, वळण लावण्याचाही प्रश्न नाही."

मी खुर्चीच्या दोन हातांमध्ये अडकून बसले होते. ते वाक्य ऐकलं आणि वाटलं, आई आज हवी होती. तिनं हे ऐकायला हवं होतं. उठून त्या बाईंचे हात धरावेत असं वाटलं, पण खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी भावाला हाक मारावी लागली असती.

भावजय रडत होती. ती शिकलेली आहे, लग्नाआधी नोकरी करत होती. तिनं विचारलं, "म्हणजे ही ताईंसारखी होणार?"

"तसं सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "शक्यता जास्त आहे, एवढंच. हेच तुमच्या मिस्टरांमध्ये आहे आणि ते बघा, अंगानं थोराड आहेत, बस. तिला खेळू द्या, घरातलं सगळ्यांचंच जेवण सुधारा. आणि तिला टोचून बोलू नका."

भावजयीनं यातलं फक्त 'शक्यता जास्त आहे' एवढंच ऐकलं. मी तिला दोष देत नाही. समोर मी बसलेली होते, आणि डोळ्यांना दिसतं ते माणूस आधी धरतं.

त्यानंतर सापगावच्या घरात स्वयंपाकघराला दार बसलं. पोरीला मोजून वाढणं सुरू झालं. बारशाला, हळदीला तिला नेणं बंद झालं. एकदा मी गणपतीला गेले असताना भावजयीनं मला मागच्या दारी बोलावलं. "ताई, राग मानू नका. तुमी तिच्यासमोर जेवू नका. ती तुमच्या ताटाकडं बघते नि मग मागते." मी मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून जेवले. नंतर जाणंच कमी केलं. तपासणीनं मला मोकळं केलं असं मला कल्याणला वाटलं होतं. आता मी त्या घरातला इशारा झाले होते. पोरगी हट्ट करायला लागली की आतून आवाज यायचा, "आत्यासारखं व्हायचंय का?"

पुढे एका उन्हाळ्यात भावजयीचं ऑपरेशन ठरलं. तिच्या माहेरी बघणारं कोणी नव्हतं, म्हणून पोरगी माझ्याकडे आली. तोवर ती चांगली मोठी झाली होती, वाचायची, पळायची, खूप बोलायची. रोज संध्याकाळी तिच्या आईचा फोन यायचा. काय खाल्लं, किती खाल्लं. मी खरं तेच सांगायचे.

एका दुपारी मशीन थांबवून मी आत गेले तर ती मांडणीसमोर उभी. हात मागे. डब्याला हात लावलेला नव्हता, नुसती बघत होती. मला बघून पांढरी पडली.

"मी काय नाय घेतलं, आत्या."

"भूक लागली?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"मला पण लागलीय," मी म्हणाले. "आत्ताच तर जेवलो आपण. आपलं पोट भरलंय, फक्त ते आपल्याला कळवत नाय. चल, जरा ब्लाउजला हुका लावू. तरी लागलीच तर काकडी खाऊ दोघी. पण लपून नाय खायचं."

आम्ही दारात बसलो. ती हुका वेगळ्या करून देत होती, मी टाके घालत होते. तिनं खाली मान घालून विचारलं, "मी तुज्यासारखीच होनार ना?"

या प्रश्नाची उत्तरं मी कित्येक वर्षं मनात जुळवत होते. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"होशील. नायतर बाबासारखी होशील."

"डॉक्टरला नाय म्हाईत?"

"नाय."

"मग आईला कसं म्हाईत?"

"आई घाबरते, गो."

तिनं माझ्या दंडाला हात लावला, कापड कसं आहे ते बघतात तसा. "तुला दुखतं का?" तिनं विचारलं.

"गुडघे दुखतात."

"बाकी?"

"बाकी लोक बोलतात ते," मी म्हणाले. तिनं परत हुका उचलल्या.

तिला पोचवायला गेले तेव्हा मी भावजयीशी बोलले. म्हटलं, स्वयंपाकघराचं दार काढ, माझ्या आईनं कुलूप लावून बघितलंय. ती बिछान्यावर पडून ऐकत होती. म्हणाली, "ताई, दार काढलं आणि ती वाढली, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" भाऊ उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. थोड्या दिवसांनी भावानं दार काढलं. माझं नाव घेऊन कुणी तिला भिववायचं नाही, हेही त्यानं घरात सांगितलं.

आता ती हायस्कूलला आहे. भावासारखी थोराड आहे, कबड्डीत तिला धरून ठेवणं अवघड जातं. डॉक्टरबाई दरवर्षी बघतात आणि म्हणतात, ठीक चाललंय, पुढचं पुढे. या पुढच्याचं काय करायचं ते आम्हाला कुणालाच कळत नाही.

मागच्या महिन्यात मी सापगावला होते. सगळे एकत्र जेवायला बसलो होतो, वालाचं बिरडं होतं. भाऊ ऑफिसातली काहीतरी गंमत सांगत होता. पोरीनं दुसऱ्या भाकरीला हात घातला आणि त्याचं बोलणं मधेच थांबलं. भावजय तिच्या हाताकडे बघत होती. मीही बघत होते.

तिनं हात तसाच ठेवला. आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघितलं.

"घेऊ ना?" ती म्हणाली.

"घे की," भाऊ म्हणाला, आणि गंमत कुठपर्यंत सांगितली होती ते त्याला आठवेना.