रस्त्यावरची प्रार्थना

आमच्या बाई रागावल्या तर फारसे कुणाला वाटत नसे. पण त्या हसून "आभारी आहे हो" म्हणाल्या, की समोरच्याची धडगत नाही हे सगळ्या गास गावाला ठाऊक होते.

दहावीनंतर वडील मला वाडीत, केळीच्या कामाला लावणार होते. बाई घरी आल्या, चहा प्याल्या आणि म्हणाल्या, "आभारी आहे हो. सगळीच मुलं शिकली तर कॉलेजात बाकं कमी पडतील." दुसऱ्याच दिवशी वडील मला घेऊन कॉलेजात गेले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा एका टोमण्यातून जन्माला आला.

बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेचे फाटक थेट रस्त्यावर उघडते. तिथे एका टेम्पोने पहिलीतल्या मुलीचा पाय मोडला, तेव्हा बाईंनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून फाटकासमोर स्पीडब्रेकर मिळवला. त्यानंतर पोरे निर्धास्त रस्ता ओलांडू लागली.

मग सरकारला आमच्या निसर्गसौंदर्याचा शोध लागला. मोठी सायकल शर्यत आमच्या गावातून कळंबच्या किनाऱ्याकडे जाणार असे ठरले. वाडवडिलांपासून जपलेले खड्डे आठवड्याभरात बुजले, कुंपणाच्या भिंतींवर सायकली रंगल्या, म्हशींना घरी बसण्याची सूचना झाली. चर्चमधली रविवारची मिस्सासुद्धा लवकर ठेवली. बाई म्हणाल्या, "फादर, बरं केलंत. येशूलाही शर्यत बघायची असेल."

आणि आमचा स्पीडब्रेकर उखडला. सायकलींना धक्का बसतो म्हणे.

"शर्यत झाली की लगेच परत बांधू, बाई," रस्ते खात्याचे साहेब म्हणाले.

"आभारी आहे हो. तोवर मुलांना उडायला शिकवते."

शर्यतीला टाळ्या वाजवायला शाळेनेच मुले आणायची होती. झेंडे घेऊन ती उन्हात ताटकळली. सायकली आल्या आणि झेंडा वर होईपर्यंत गेल्यासुद्धा.

"बाई, झालं?" एकाने विचारले.

"झालं. जगाने आपला रस्ता पाहिला. आता तो ओलांडायचा कसा, तेवढं आपण बघायचं."

साहेबांचे 'लगेच' काही उजाडेना. गुळगुळीत रस्त्यावर गाड्या मात्र अशा सुटत, की शर्यत अजून चालूच आहे असे वाटावे. बाईंनी पुन्हा अर्ज केला नाही. त्यांनी सकाळची प्रार्थना शाळेच्या आवारातून रस्त्यावर आणली. पलीकडून येणारी मुले रस्त्यावरच रांगेत उभी राहत, राष्ट्रगीत होई आणि रांग फाटकातून आत जाई. राष्ट्रगीताला हॉर्न वाजवायची कुणाची छाती आहे? डंपरवालेसुद्धा खाली उतरून सावधान उभे राहत.

साहेब धावत आले. "बाई, असा रस्ता अडवता येत नाही."

"अडवलाय कुठे? लोक देशासाठी थांबलेत. तुम्हीही सरळ उभे राहा, मुलं सुरू करतायत."

साहेब उभे राहिले.

बाई निवृत्त झाल्या. नव्या मुख्याध्यापकांनी नियमावर बोट ठेवून प्रार्थना आवारात नेली. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळेला बाई एकट्याच रस्त्याच्या मधोमध येऊन राष्ट्रगीत म्हणू लागल्या. त्यांचा सूर जन्मात कधी लागला नव्हता, पण गाड्यांना थांबावे लागेच. तेवढ्यात पोरे बाईंच्या पाठीमागे रांगेला लागत आणि गीत संपले की त्यांच्याबरोबर फाटकाशी पोचत. ताप असतानाही त्या येत. "घरात झोपून कुणाचा पाय वाचणार आहे?" म्हणत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत साहेब त्यांच्या कार्यावर भरभरून बोलले. स्पीडब्रेकर त्यांच्या भाषणातही आला नाही आणि रस्त्यावरही.

परवा सकाळी मी रिक्षाने बोळिंजला निघालो होतो. फाटकापाशी रिक्षा थांबली. पोरे ओलांडत होती.

"इथं बाई असायच्या," रिक्षावाला म्हणाला. एवढेच.

मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. त्याने मान वळवूनही पाहिले नाही. चपलेचा पट्टा सावरत शेवटचे पोर आत गेले, तेव्हा कुठे त्याने गिअर टाकला.