लविनाच्या डोळ्यांपुढचा अंधार

सांडोरची लविना शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी तुळिंजच्या जिममध्ये वजन उचलायची. वय एकतीस. जमिनीवरून एकशे दहा किलोचा बार ती सहज उचलून उभी राहायची. त्रास व्हायचा तो त्यानंतर. रोखलेला श्वास सोडला की डोकं हलकं व्हायचं, कानांत शिट्टी वाजायची, डोळ्यांपुढे अंधार यायचा. ती भिंतीला टेकून उभी राहायची.

जिम विपुलची होती. तोच तिचा कोच. तिने त्याला सांगितलं, तेव्हा तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "टीचरना चक्कर येतेय. कोणी लिंबूसरबत आणा रे." सगळे हसले. तीही हसली.

जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिला सत्तावन्न किलोच्या गटात बसवायचं त्याने ठरवलं. तिचं वजन होतं एकसष्ट. वजन उतरावं म्हणून शेवटचे दोन दिवस त्याने तिचं पाणी बंद केलं.

"सर, जिना चढतानाही गरगरतंय."

"मग घरी बस. तुझ्या जागी प्रिन्सी आहे."

त्याच जिममधली प्रिन्सी एकोणीस वर्षांची होती. घरी वडिलांनी, बॅप्टिस्टनी, तिचे सुकलेले ओठ पाहून विचारलं, "बाय, हे कशासाठी?"

स्पर्धेत तिने एकशे वीस किलो उचलले. ताठ उभी राहिली, पंचांनी खूण केली, तिने श्वास सोडला. बार हातांतून निसटला आणि त्याच्यामागोमाग ती तोंडावर त्या लोखंडावरच पडली. जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे तीन दात गेले.

चौथ्या दिवशी विपुल दवाखान्यात आला. तिचा जबडा तारांनी बांधलेला होता.

"आयोजक विचारतायत. तू घरचा कसलातरी उपास करत होतीस, एवढंच लिहून दे."

तिने वही ओढून लिहिलं, 'पाणी तुम्ही बंद केलंत.' त्याने वाचलं, पान फाडलं, घडी करून खिशात टाकलं आणि निघून गेला.

तिच्या पडण्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. ती शाळेत परतली, तेव्हा नववीतली मुलं बाकावरून धाडकन पडून दाखवत होती. तिला अजून नीट बोलता येत नव्हतं. त्यांना ओरडायला गेली, तर शब्द शिट्टीसारखे बाहेर पडले आणि वर्ग आणखी हसला.

पुढच्या वर्षी तिने प्रिन्सीला चर्चबाहेर गाठलं. डोकं हलकं झालं की लगेच खाली बस, श्वास फार वेळ रोखू नकोस, कोणी काहीही म्हणो, पाणी सोडू नकोस, असं तिने हळूहळू, एकेक शब्द जुळवत सांगितलं. प्रिन्सीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर म्हणाले होते, तुम्ही जळता म्हणून."

त्या वर्षीच्या स्पर्धेत प्रिन्सीने दोन दिवस पाण्याशिवाय राहून वजन उचललं. तिला काही झालं नाही. ती पहिली आली.