शैलजाचा समुद्रतळ

शैलजाच्या नवऱ्याचा, माधवरावांचा फोन आला तेव्हा मी कॉलेज रोडला रिक्षात होते. "शैलजा गेली," एवढंच म्हणाले. "मॅडम, कुठं सोडू?" रिक्षावाला पुन्हा पुन्हा विचारत होता.

नाशिकच्या एकाच कॉलेजात आम्ही दोघी प्राणिशास्त्र शिकवायचो. तिचा जीव ब्रायोझोआत. समुद्रतळाशी शिंपल्यांना चिकटून वसाहत करणारे, नुसत्या डोळ्यांना पांढरी जाळी वाटावी असे हे सूक्ष्म जीव. प्रत्येकाची चुन्याची स्वतंत्र खोली, दारातून डोकावणारा बारीक बाहूंचा तुरा. दाराला झाकण आहे की नाही, तेही बघून ती त्यांचे गट लावायची.

एकदा नमुन्यांसाठी तिने मला कोकणात नेलं. मी घाटावरच्या घोटीची, समुद्रात पहिल्यांदाच. परतताना होडीचं इंजिन बंद पडलं. वारा वाढला, होडी खडकांकडे ओढली जाऊ लागली. नाखवा इंजिनाशी झटत होता. मी रडायलाच लागले. शैलजाने पांढरी जाळी चिकटलेला ओला शिंपला माझ्यापुढे धरला. "हे बघ. याची अळी थोडा वेळ पोहते, मग चिकटते ती कायमची. आतलं बरंचसं मोडतं, नव्याने घडतं. तो पहिला जीव. बाकीची वसाहत त्याच्यातूनच फुटत जाते..." आवाज शांत, पण तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. इंजिन कसंबसं सुरू झालं. धक्क्यावर उतरताच ती भडभडून ओकली. "वेडे, मला तरी पोहता कुठं येतं!"

या पावसाळ्यात ती आजारी होऊन दवाखान्यात पडली. तिथून परत येणार नाही, हे दोघींनाही कळलं होतं. "काहीतरी बोल गं. फार भीती वाटतेय," ती म्हणाली. भीती मलाही वाटत होती. सुचेना, म्हणून तिचंच तिला शिकवू लागले. अन्नमार्ग इंग्रजी यूसारखा वळतो, गुदद्वार तुऱ्याच्या आत...

"बाहेर!" तिने डोळे उघडले. "आत असलं तर तो प्राण्यांचा संघच वेगळा. इतकी वर्षं काय शिकवलंस पोरांना?"

दोघी हसलो. मग तिला धाप लागली.

परवा माधवरावांनी तिची खोली उघडून दिली. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी तशीच होती. मी डोळा लावला. सगळं धूसर. फोकस तिच्या डोळ्यांचा होता, तिनेच शेवटचा लावलेला. चाक जरा फिरवलं असतं, तर मला स्पष्ट दिसलं असतं. बोट चाकावर टेकलं. हात मागे घेतला. त्या धूसर पांढऱ्याकडेच बघत बसले.